तेलसंपन्न अरब राष्ट्रांचे अर्थसाहाय्य आणि इजिप्त : एक चिकित्सा

प्रस्तावना :
आखाती राष्ट्रे इजिप्तला देत असलेल्या अर्थसाहाय्याचे समर्थन बहुधा अरब बंधुभावाच्या भाषेत केले जाते. याउलट, पैसा देणारा इजिप्तचे धोरणही ठरवतो, असे टीकाकार मानतात. प्रस्तुत लेखात या दोन्ही मतांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

साहाय्याचे राजकारण :
१९६७ च्या पराभवानंतर खार्टूम परिषदेत सौदी अरेबिया, कुवेत व लिबिया यांनी इजिप्तला वार्षिक साहाय्य मान्य केले. १९७९ मध्ये इस्रायलशी शांतता करार होताच अरब मदतीचा ओघ आटला. तथापि इजिप्तने करार मोडला नाही. जुलै २०१३ मध्ये लष्कराने मोर्सी यांना पदच्युत करताच सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती व कुवेत यांनी १२ अब्ज डॉलर जाहीर केले. मोर्सी यांना पाठबळ देणाऱ्या कतारची २ अब्ज डॉलरची ठेव त्याच वर्षी परत करण्यात आली. मध्यवर्ती बँकेतील अशी ठेव म्हणजे दान नव्हे, तर परत मागता येणारे कर्ज होय.

प्रभावाच्या मर्यादा :
ऑक्टोबर २०१६ मध्ये इजिप्तने सुरक्षा परिषदेत सीरियाविषयक रशियन ठरावाला मत दिले. त्याच सुमारास अरामकोचा तेलपुरवठा थांबला व मार्च २०१७ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. दहा कोटींहून अधिक लोकसंख्येचे हे राष्ट्र कोसळणे देणाऱ्यांनाही परवडणारे नाही. घेणाऱ्याचे बळ नेमके येथेच आहे.

मदतीकडून मालकीकडे :
जानेवारी २०२३ मध्ये सौदी अर्थमंत्री अल-जदान यांनी विनाअट अनुदानाचे युग संपल्याचे सूचित केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये भूमध्य सागराकाठच्या रास अल-हिक्मा प्रकल्पासाठी अबू धाबीशी ३५ अब्ज डॉलरचा करार झाला. त्यातील ११ अब्ज हे जुन्या ठेवींचेच रूपांतर होते. ठेव फेडता येते. विकासहक्क दिलेला किनारा सहजी परत मिळत नाही.

निष्कर्ष :
आखाती पैसा राजवट तगवू शकतो, परंतु तिचे प्रत्येक धोरण ठरवू शकत नाही. म्हणून बंधुभाव आणि ताबेदारी ही दोन्ही स्पष्टीकरणे अपुरी ठरतात. खरी किंमत सरकारपेक्षा नागरिक मोजतात. तिरान व सनाफिर बेटे सौदी अरेबियाला देण्याचा करार न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये अवैध ठरवूनही संसदेने जूनमध्ये तो मंजूर केला. बाहेरून तगणाऱ्या सत्तेला स्वतःच्या जनतेची संमती गौण वाटू लागते, हाच या साहाय्याचा सर्वांत गंभीर परिणाम होय.