चाचणीचे चर आणि अनुपलब्धीचें प्रामाण्य

इंग्लंडांत शेतजमिनीवर घरें, रस्ते किंवा कारखाने उभारण्यापूर्वीं, जेथें संशयास जागा असेल तेथें, लांब व अरुंद चर खणून जुन्या वस्तीचा मागमूस लागतो कीं काय, हें पाहण्याची वहिवाट आहे. १९९० च्या नोव्हेंबरांत तेथील सरकारनें नगररचनेसंबंधीं जें सोळावें मार्गदर्शनपत्र काढलें, त्यानें तिला निश्चित स्वरूप आलें. २०१२ पासूनच्या राष्ट्रीय नियोजन-धोरणांतहि ती कायम राहिली. ह्या वहिवाटीची परीक्षा करणारा गिल हे व मार्क लेसी ह्या संशोधकांचा ग्रंथ २००१ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या आधारें ह्या पद्धतीचे गुणदोष वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पद्धत अशी. दांते नसलेल्या रुंद पात्याच्या खोदयंत्रानें, पुराणवस्तुज्ञाच्या देखरेखीखालीं, नांगरटीची माती थराथरानें काढतात. खालचा मूळ थर लागला कीं यंत्र थांबवितात. त्या थरांत पूर्वीं कोणीं खणलेला खंदक, खड्डा किंवा खांबाचें भोंक असेल, तर तें आंतल्या निराळ्या मातीमुळें डागासारखें उमटून दिसतें. अशा कांहीं डागांचें हातानें उत्खनन करावयाचें, कालनिर्णय करून वृत्तांत लिहावयाचा आणि चर बुजवावयाचे. पुढील उत्खनन हवें कीं नको, हें नियोजनाचे अधिकारी बहुतांशीं ह्या वृत्तांतावरूनच ठरवितात. सामान्यतः एकंदर क्षेत्राचा शेंकडा २ ते ५ एवढाच भाग ह्या रीतीनें उघडला जातो.

ग्रंथकारांनीं योजिलेली कसोटी मार्मिक आहे. ज्यांचें पुढें विस्तृत उत्खनन झालें अशीं १२ स्थळें त्यांनीं निवडलीं. जुन्या कागदपत्रांचा व नकाशांचा अभ्यास, नांगरलेल्या शेतांतून खापरें वेंचणें, भूभौतिक मोजणी आणि चर, यांपैकीं प्रत्येकानें केलेलें भाकीत त्यांनीं प्रत्यक्ष उत्खननाशीं ताडून पाहिलें. शिवाय पुऱ्या झालेल्या नकाशांवर निरनिराळ्या दाटीचे काल्पनिक चर मांडून, त्यांत काय सांपडलें असतें, याचाहि हिशेब केला. निष्कर्ष असा कीं, सर्व साधनांत चर श्रेष्ठ. परंतु रोमन व मध्ययुगीन वस्ती त्यांनीं जशी उघड होते, तशी नवाश्मयुगीन, ब्राँझयुगीन किंवा अँग्लो-सॅक्सन वस्ती होत नाहीं. आपल्याच साधनाची इतकी कठोर परीक्षा घेणें हें स्तुत्य होय.

ह्या निष्कर्षाचें कारण साध्या गणितानें कळतें. १ हेक्टर, म्हणजे १०,००० चौरस मीटर जमिनींत ५० मीटर लांब व २ मीटर रुंद असे ४ चर खणले, तर शेंकडा ४ जमीन उघडली. रोमन काळच्या शेताभोंवतीं असलेला लांबलचक खंदक ह्या चरांत बहुधा कोठें तरी सांपडेलच. परंतु १ मीटर व्यासाचा एकटा खड्डा घ्या. त्याची कड चरास लागावयाची, तर त्याचा मध्य चरांत किंवा चरापासून अर्ध्या मीटरच्या आंत हवा. असें क्षेत्र शेंकडा सुमारें ६ भरतें. म्हणजे १०० पैकीं सुमारें ९४ खड्डे चरांस न लागतांच राहून जातील. आणि नवाश्मयुगीन लोकांचा मागमूस पुष्कळदां अशा विखुरलेल्या खड्ड्यांतच उरलेला असतो.

आमचा आक्षेप चरांवर नाहीं, त्यांवरून काढलेल्या अनुमानावर आहे. स्थालीपुलाकन्याय सर्वांस परिचित आहे: एक शीत चेपून पाहिलें कीं भांड्यांतील भात शिजला कीं नाहीं तें कळतें. पण सर्व दाण्यांस एकच पाणी व एकच आंच मिळाली, हें गृहीत असेल तरच तो न्याय चालतो. शेताची भूमि अशी एकजिनसी नसते. भाट्ट मीमांसकांनीं अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानलें, तेंहि 'योग्य' हें विशेषण लावून. वस्तु असती तर दिसलीच असती, अशी स्थिति असतां ती न दिसली, तरच तिचा अभाव सिद्ध होतो. अंधारांत घट न दिसणें हें घटाभावाचें प्रमाण नव्हे. चरांत रोमन वस्ती न दिसल्यास ती तेथें बहुधा नाहीं, असें म्हणतां येईल. त्याच चरांवरून 'नवाश्मयुगीन कांहीं नाहीं' असें लिहिणें मात्र शास्त्रास धरून नाहीं.

केंब्रिजजवळ ट्रंपिंग्टन येथें घरबांधणीपूर्वींच्या उत्खननांत २०११ सालीं सातव्या शतकांतील अवघीं चार थडगीं मिळालीं. त्यांपैकीं एकांत सुमारें सोळा वर्षांची मुलगी लाकडी पलंगावर निजविलेली असून, सोन्याचा, तांबडे खडे जडविलेला क्रूस तिच्याजवळ होता. इंग्लंडांतील आरंभींच्या ख्रिस्ती धर्मप्रसाराचा हा मोलाचा पुरावा होय. अशीं चार थडगीं दोन चरांमधील जागेंत सहज मावतात. आपल्याकडे प्रवरेकांठीं दैमाबाद येथें १९७४ सालीं रथ, हत्ती, गेंडा व रेडा हीं कांस्यशिल्पें मिळालीं, तीं झाडाचें मूळ खणतांना. तेथेंहि हातभर अंतरानें सर्व कांहीं चुकलें असतें.

कोणी म्हणेल, अधिक चर खणण्याचा खर्च बांधकाम करणारानें कोठवर सोसावा? प्रश्न रास्त आहे. परंतु प्रत्येक कालखंडाचे कोणते अवशेष ह्या चरांत दिसण्यास योग्य होते व कोणते नव्हते, एवढें वृत्तांतांत स्पष्ट लिहिण्यास कांहींच खर्च पडत नाहीं. जेथें विखुरलेल्या अवशेषांचा संभव असेल, तेथें देखरेखीखालीं वरची माती विस्तृत क्षेत्रावरून काढून, प्रथम नकाशा व मग निवडक उत्खनन, ही तेथें चालू असलेली दुसरी रीत अवलंबावी.

हे वृत्तांत बहुधा अप्रकाशित राहतात, तरी ते निरुपयोगी नव्हेत. रिचर्ड ब्रॅडली यांनीं ब्रिटन व आयर्लंड यांच्या प्रागितिहासावरील २००७ च्या ग्रंथांत अशाच वृत्तांतांचा विपुल उपयोग केला. तेव्हां त्यांतील प्रत्येक 'नाहीं' उद्यां कोणाचें तरी साधन होणार. दप्तरांतील एखादा रुमाल, वरचीं चार पत्रें पाहून, किरकोळ हिशेबाचा म्हणून कोणीं बाजूस ठेवला, तरी तो जागेवर राहतो व पुढचा संशोधक तो सोडून पाहूं शकतो. शेतांत पाया खणल्यावर तें दप्तर पुन्हां उघडतां येत नाहीं. म्हणून तेथें 'नाहीं' हा शब्द लिहिणाराची जबाबदारी आपणां सर्वांहून अधिक आहे.