अवकाशखेळांची परंपरा : देखावा आणि नियम

एका कलाकृतीवर दुसरीचा प्रभाव पडला आहे असे म्हणणे सोपे. ते सिद्ध करणे अवघड. आपल्या वाङ्मयसमीक्षेत दोन कवितांतले चार शब्द जुळले की प्रभाव सिद्ध झाला असे पुष्कळदा मानले गेले आहे. व्हिडिओ गेमविषयी सांप्रत जे लेखन होत आहे, त्यातही हाच दोष आढळतो. काळा पडदा, पांढरे ठिपके आणि एक त्रिकोणी यान एवढे दृष्टीस पडले की ‘हा जुन्या अवकाशखेळांचा वारसा’ असे म्हणून लेखक मोकळा होतो. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, ह्या खेळांचा वारसा देखाव्यात नसून नियमात आहे; आणि पुष्कळ ठिकाणी नियमाच्याही मागे जाऊन, तो ज्या अडचणीतून जन्मास आला ती अडचण पाहिल्याखेरीज वारशाचे मोल ठरविता येत नाही.

आरंभ अर्थातच ‘स्पेसवॉर’पासून केला पाहिजे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९६१ साली पीडीपी-१ हा संगणक आला, आणि स्टीव्ह रसेल व त्यांचे सहकारी यांनी १९६२ साली त्यावर हा खेळ सिद्ध केला. दोन याने, दोन खेळाडू, मर्यादित इंधन आणि मर्यादित टॉर्पेडो एवढीच त्याची सामग्री. पहिल्या आवृत्तीत पार्श्वभूमीवरील ठिपके वाटेल तसे पसरलेले होते. पीटर सॅमसन यांना ते रुचले नाही; त्यांनी नकाशावरून खरे तारे, त्यांच्या कमीअधिक तेजासह, पडद्यावर आणले. डॅन एडवर्ड्स यांनी मध्यभागी एक तारा ठेवला आणि त्याचे गुरुत्वाकर्षण गणितात आणले.

ह्या दोन भरींपैकी पहिली देखाव्याची आहे, दुसरी नियमाची. ताऱ्यांचा नकाशा कितीही अचूक असला तरी त्यामुळे खेळाडूच्या एकाही निर्णयात फरक पडत नाही. मध्यवर्ती ताऱ्याने मात्र खेळाचा सगळा घाटच पालटला. तोवर अवकाश ही दोन योद्ध्यांमधील मोकळी जागा होती. आता ते स्वतःच तिसरे पात्र झाले. नुसते स्तब्ध राहणे म्हणजे हळूहळू ताऱ्यात पडणे. उलट, त्याच ओढीचा आधार घेऊन ताऱ्याला वळसा घातला तर थोड्या इंधनात प्रतिस्पर्ध्याला गाठता येते. म्हणजे जो धोका तोच उपाय. टॉर्पेडोंवर गुरुत्वाकर्षण चालत नसे, ते मात्र केवळ तेवढे गणित करण्यास यंत्राला वेळ पुरत नसल्यामुळे. शास्त्रदृष्ट्या ही उणीव खरी. पण खेळाच्या दृष्टीने वक्र मार्गाने जाणारे यान आणि सरळ रेषेत जाणारे अस्त्र यांचा विरोध तीमुळे फार मोहक झाला आहे.

हा नियम पुढे कसा टिकला? फारसा टिकला नाही, असेच उत्तर द्यावे लागेल. १९७१ साली नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी नाणे टाकून खेळावयाचा ‘कॉम्प्युटर स्पेस’ केला, तेव्हा संगणकाऐवजी निव्वळ विद्युत्‌मंडलांवर काम भागवावयाचे असल्याने मध्यवर्ती तारा गळाला. अटारीच्या ‘ॲस्टेरॉइड्स’ (१९७९) मध्येही तो नाही. तेथे जडत्व आहे: यान ज्या दिशेला ढकलले त्या दिशेला वाहत राहते, नाक कोणीकडेही वळविले तरी. परंतु ते अवकाशातील शुद्ध जडत्व नव्हे. इंजिन बंद ठेवले की यानाचा वेग हळूहळू कमी होतो, जणू पोकळीत थोडी हवा मिसळली आहे. ही तडजोड मला अपकर्षाची वाटत नाही. नाणे टाकून उभ्याउभ्या खेळणाऱ्या माणसाला शिकण्यास दोन-चार मिनिटेच मिळत. तेवढ्यात जडत्वाची चव यावी आणि त्याने हतबलही होऊ नये, असा तो मध्यम मार्ग आहे. संकटसमयी यान अदृश्य करून भलतीकडेच प्रकट करणारी ‘हायपरस्पेस’ची कळ मात्र ‘स्पेसवॉर’मधून जशीच्या तशी आली आहे, आणि तेथे प्रभाव नाकारण्यास जागाच नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे. जडत्व आणि गुरुत्वाकर्षण हे कोणा खेळकर्त्याचे शोध नव्हेत. ते निसर्गात आहेत, आणि जो कोणी अवकाशाचा प्रामाणिकपणे विचार करील त्याला ते भेटणारच. १९६९ साली अपोलो-११ चंद्रावर उतरल्यानंतर जिम स्टोरर ह्या अमेरिकन शाळकरी विद्यार्थ्याने चंद्रावर यान उतरविण्याचा खेळ लिहिला. त्यात चित्र मुळीच नव्हते. टेलिटाइपवर आकडे उमटत आणि खेळाडू किती इंधन जाळावयाचे ते सांगे. त्याची प्रेरणा चांद्रयान ही होती, ‘स्पेसवॉर’ नव्हे. ह्या दोहोंतील साम्य हे सृष्टिनियमाचे साम्य आहे. त्याला प्रभाव म्हणणे म्हणजे दोन कवींनी पावसाचे वर्णन केले म्हणून एकाला दुसऱ्याचा शिष्य ठरविण्यासारखे होय. पुढे हे दोन प्रवाह एका वेगळ्याच ठिकाणी मिळाले: अटारीने १९७९ साली ‘लूनर लँडर’ यंत्रावर आणला, आणि रेषांनी चित्र काढणारी त्याची यंत्रसामग्री ‘ॲस्टेरॉइड्स’ला उपयोगी पडली.

देखावा आणि नियम हे निरनिराळ्या वाटांनी येऊ शकतात याचे चांगले उदाहरण ‘जॉमेट्री वॉर्स’ हे आहे. २००३ साली मोटारशर्यतीच्या एका खेळात गंमत म्हणून दडवून ठेवलेला हा लहानसा खेळ पाहताच तेजस्वी रेषांमुळे ‘ॲस्टेरॉइड्स’ची आठवण होते. पण खेळू लागले की हाताला वेगळीच ओळख पटते: एका दांड्याने चालावयाचे आणि दुसऱ्याने हव्या त्या दिशेस गोळी झाडावयाची, ही रीत युजीन जार्विस आणि लॅरी डीमार यांच्या ‘रोबोट्रॉन’ची (१९८२), ज्यात अवकाशयान नाहीच. डोळ्याने ठरविलेली वंशावळ हाताने खोटी पाडली, असे म्हणावयास हरकत नाही.

तोमोहिरो निशिकादो यांच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’विषयी (१९७८) थोडक्यात लिहितो, कारण त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पंचावन्न शत्रूंची रांग जसजशी विरळ होते तसतशी ती वेगाने सरकते. हे मुळात ठरविलेले नव्हते. चित्रे कमी उरली की यंत्राचे काम हलके होई आणि उरलेली भरभर हलत. निशिकादो यांनी ही यंत्राची लकब तशीच ठेवली, आणि विजय जवळ येत असता भय वाढत जाण्याची एक लय त्यातून निर्माण झाली. आजच्या यंत्रांना ही अडचण नाही. तरीही आजचे खेळकर्ते तो वेग मुद्दाम गणिताने आणतात. अडचण गेली आणि तिचे फळ नियम म्हणून राहिले.

खरा विचार करण्याजोगा प्रश्न ‘एलिट’च्या बाबतीत उभा राहतो. केंब्रिजमधील दोन विद्यार्थी, डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल, यांनी हा खेळ १९८४ साली बीबीसी मायक्रो ह्या संगणकासाठी केला. त्या यंत्राची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. त्यांतून पडद्याचा हिस्सा वजा जाता खेळाला सुमारे २२ उरत. एवढ्यात आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६, म्हणजे एकूण २,०४८ ग्रह बसविले गेले. बसविले म्हणणेही बरोबर नाही, कारण ते कोठेच साठविलेले नव्हते. तीन अंकांची एक बीजसंख्या घ्यावयाची, तिच्यावर ठराविक बेरजा करीत जावयाचे, आणि जे अंक निघतील त्यांतून ग्रहाचे स्थान, राज्यपद्धती, अर्थव्यवस्था, लोकसंख्या आणि नावदेखील वाचून काढावयाचे. बीज तेच असल्याने फळही दरवेळी तेच येई.

ह्या युक्तीची वाखाणणी सर्वच करतात. तिच्याहून महत्त्वाच्या दोन गोष्टींकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. पहिली अशी की, अंकांतून निघालेले ग्रहाचे वर्णन हे नुसते वर्णन नाही. शेतीप्रधान ग्रहावर धान्य स्वस्त, उद्योगप्रधान ग्रहावर संगणक स्वस्त. अराजक असलेल्या ग्रहाजवळ चाचे अधिक. म्हणजे ग्रहाचे विशेषण वाचणे म्हणजेच भाव आणि भय यांचा हिशेब मांडणे. दुसरी गोष्ट निवडीची. त्या रीतीने दोनाच्या अठ्ठेचाळिसाव्या घाताइतक्या आकाशगंगा काढता आल्या असत्या, आणि कर्त्यांचा मूळ मानसही तसाच होता. प्रकाशकांनी आठांवर थांबण्याचा आग्रह धरला. एवढा अफाट आकडा पाहिला की खेळाडूला त्यामागचे यंत्र दिसू लागेल, अशी त्यांची भीती. बीजे निवडतानाही चाळणी लागली: एका आकाशगंगेत एका ग्रहाला आपोआप असभ्य इंग्रजी नाव पडले म्हणून ती समूळ टाकून देण्यात आली. विश्व अंकाने निपजविले खरे, पण ते कर्त्यांनी पाहून, पारखून पुढे केले.

हॅलो गेम्स ह्या ब्रिटिश संस्थेचा ‘नो मॅन्स स्काय’ ऑगस्ट २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातील ग्रहांची संख्या दोनाचा चौसष्टावा घात, म्हणजे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ असल्याचे सांगितले गेले. बुद्धिबळाच्या पटावर प्रत्येक घरात दुप्पट दाणे ठेवीत जाण्याची गोष्ट आपल्याकडे मुलांनाही ठाऊक असते. ह्या खेळातील ग्रह त्या गोष्टीतील दाण्यांपेक्षा एकाने अधिक आहेत. रीत ‘एलिट’चीच, फार सुधारलेली: नावापुरते वर्णन नव्हे, तर डोंगर, वनस्पती, प्राणी, हवामान हे सर्व बीजातून उगवते. तरीही पहिल्या आवृत्तीने पुष्कळ खेळाडूंची निराशा केली. त्या वेळच्या रोषाचा मोठा भाग जाहिरातींतील आश्वासनांविषयी होता आणि तो येथे अप्रस्तुत आहे. ब्रिटनमधील जाहिरात-नियमन संस्थेने त्याच वर्षी त्या तक्रारी फेटाळल्या. खेळ म्हणून विचार केला असता उणीव निराळी दिसते. एका ग्रहाहून दुसऱ्या ग्रहावर गेल्याने रंग बदलतो, पाने बदलतात, पण काय करावयाचे ते बदलत नाही. ‘एलिट’मध्ये ग्रह वेगळा म्हणजे निर्णय वेगळा, येथे ग्रह वेगळा म्हणजे देखावा वेगळा. उत्तर वारशात मिळाले, प्रश्न मागेच राहिला. पुढील काळात कर्त्यांनी मोबदला न घेता वर्षानुवर्षे भर घातली, २०१८ साली सहखेळाडूंसह वावरण्याची चांगली सोय केली, आणि त्या कष्टाबद्दल त्यांचा गौरवच केला पाहिजे. तथापि ती भर बहुतेक घरे बांधण्याची आणि सोबतीची आहे. म्हणजे विश्वाची पोकळी माणसांनी भरून काढण्यात आली. २०२३ साली आलेल्या ‘स्टारफील्ड’च्या हजाराहून अधिक ग्रहांविषयीही हीच तक्रार ऐकू आली, हा योगायोग मानणे कठीण आहे.

खुद्द ब्रेबेन यांनी आपल्याच कृतीशी जो झगडा केला तो ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. ‘एलिट’मधील यान वस्तुतः विमानासारखे उडते: नाक जिकडे तिकडे गती. १९९३ सालच्या ‘फ्रंटियर’मध्ये त्यांनी न्यूटनचे नियम यथातथ्य आणले, आणि परिणाम असा झाला की दोन याने प्रचंड वेगाने एकमेकांना ओलांडून जाऊ लागली, लढाई म्हणजे क्षणमात्र गाठ आणि दीर्घ विरह. २०१४ सालच्या ‘एलिट डेंजरस’मध्ये सुमारे चाळीस हजार कोटी ताऱ्यांची आपली आकाशगंगा प्रमाणशीर उभी केली आहे, ज्ञात तारे तारकासूचींतून घेतले आहेत, पण यानाच्या वेगाला पुन्हा मर्यादा घातली आहे. सॅमसन यांच्या नकाशाचा विजय झाला आणि एडवर्ड्स यांच्या ताऱ्याचा पराभव, असे मला हा खेळ पाहताना वाटले. खेळण्याजोगी लढाई हवी असेल तर हे अपरिहार्य आहे, असा युक्तिवाद केला जातो. तो लढाईपुरता मान्य करावा लागेल. परंतु अवकाशखेळात लढाई असलीच पाहिजे, हे गृहीत मात्र १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटाने आणि क्रिस रॉबर्ट्स यांच्या ‘विंग कमांडर’ने (१९९०) इतके रुजविले की ते गृहीत आहे याचाच विसर पडला.

म्हणूनच २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आउटर वाइल्ड्स’कडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. हा खेळ ॲलेक्स बीचम यांच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्रबंधप्रकल्पातून वाढला. त्यात शस्त्र नाही, व्यापार नाही, गुण नाहीत. ग्रह हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तेही लहान लहान. पण ते खरोखर सूर्याभोवती फिरतात, आणि खेळाडूच्या यानावर त्यांची ओढ लागू आहे. दर बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होऊन काळ पुन्हा आरंभाशी येतो. सोबत राहते ते फक्त खेळाडूला झालेले ज्ञान. येथे एक ग्रह वाळूखाली बुडत जातो, दुसरा तुकड्यातुकड्यांनी आत कोसळतो, आणि तेथे केव्हा पोहोचावयाचे हाच निर्णय होतो. नवशिका मनुष्य स्वयंचालनाची कळ दाबून निश्चिंत होतो आणि वाटेत सूर्य आहे हे यंत्र पाहत नसल्याने सरळ त्यात जाऊन पडतो. ‘स्पेसवॉर’चा खेळाडू स्तब्ध राहिला तर असाच पडत असे. ही सधर्मता ऋणाची नव्हे, हे वर स्टोररच्या निमित्ताने सांगितलेच आहे. दोघांनी अवकाशाला पात्र मानले, एवढेच तिचे कारण.

ह्या विषयाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने चित्रांवरून आणि वर्णनांवरून न जाता हे खेळ हाताने खेळून पाहावेत. ‘एलिट’चे फिरते स्थानक समोर येते, त्याच्या चिंचोळ्या दाराच्या फिरण्याशी आपल्या यानाचे फिरणे जुळवावयाचे असते, आणि पहिल्या दहा वेळा यान दाराच्या चौकटीवर आपटते. कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील संगणक-इतिहास संग्रहालयात दुरुस्त केलेला पीडीपी-१ आहे. त्याच्या वर्तुळाकार पडद्यावर ‘स्पेसवॉर’ चालवून दाखविला जातो, आणि यानाने पुढे जाताना मागे सोडलेली पुसट उजेडाची रेघ तेथे क्षणभर रेंगाळते. आजच्या पडद्यावरील प्रतिकृतीत ती रेघ मुद्दाम काढावी लागते.