सैनिकांचे रूपक आणि मुका मार

"पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक." हे वाक्य आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. त्वचा ही तटबंदी, रोगजंतू हे शत्रू, पू म्हणजे रणांगणावर पडलेले वीर! मुलांना हे चटकन कळते आणि उत्तरपत्रिकेतही नीट उतरते. एकदा मात्र सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, मुका मार लागला तर कातडी फाटत नाही, जंतू आत जात नाहीत. तरी सूज येते. मग सैनिक लढतात कोणाशी?" त्या दिवशी आम्ही वेळ मारून नेली. आज त्या रूपकाचीच तपासणी करू.

रूपकाचे मूळ भक्कम आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी पाहिले तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडला होता. या पेशी परक्या वस्तू गिळतात, हा विचार पुढे जंतूंनाही लागू पडला आणि १९०८ साली मेचनिकॉव्हला एर्लिखबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. पण या प्रयोगात त्याने जंतू सोडलेच नव्हते, हे आपण सांगायचे विसरतो. पेशी धावल्या त्या काट्याकडे आणि जखमेकडे.

मुक्या मारात हेच घडते. पेशी फुटल्या की एरवी पेशीच्या आत राहणारी द्रव्ये बाहेर सांडतात. तीच धोक्याची खूण ठरते. रक्तवाहिन्या रुंदावतात, द्रव पाझरतो, पांढऱ्या पेशी जमतात. त्यांतील महाभक्षी पेशी सांडलेल्या तांबड्या पेशी गिळतात आणि त्यांतील हिमोग्लोबिन मोडतात. काळानिळा डाग आधी हिरवट, मग पिवळा होतो तो यामुळेच. त्यानंतर याच पेशी नव्या रक्तवाहिन्या आणि नवे तंतू तयार होण्यासाठी रासायनिक संदेश देतात. म्हणजे साफसफाई आणि डागडुजी ही त्यांची मोठी कामे आहेत. सैनिकांच्या चित्रात ती दिसतच नाहीत.

फुप्फुसात रूपकाची उणीव आणखी स्पष्ट होते. वायुकोशांच्या आतल्या ओलाव्याचा पृष्ठताण कमी करणारे एक द्रव्य असते, त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. ते नसेल तर श्वास सोडताना वायुकोश मिटून जातात. हे द्रव्य सतत तयार होते, म्हणून वापरलेले काढूनही टाकावे लागते. १९९४ साली उंदरांमधील जीएम-सीएसएफ या प्रथिनाचे जनुक निकामी करण्यात आले. या प्रथिनामुळे पांढऱ्या पेशी वाढतात असे ठाऊक होते, म्हणून रक्तात त्यांची टंचाई होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात रक्त जवळजवळ ठीक राहिले, पण फुप्फुसे सर्फॅक्टंटने भरून गेली. तेथील महाभक्षी पेशींना आपले काम नीट करता येत नव्हते. येथे शत्रू कोणीच नव्हता. रोजची झाडलोट थांबली, एवढेच.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या बाबतीत तो जीवन-मरणाचा ठरला. अशा बाळांना श्वास घेता येत नाही तो सर्फॅक्टंट कमी असल्यामुळे, हे १९५९ साली अमेरिकेत मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवले. पुढे कृत्रिम श्वसनयंत्र आणि प्राणवायू यांमुळे बाळे वाचू लागली. पण १९६७ साली नॉर्थवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा वाचलेल्या बाळांतच फुप्फुसाचा एक नवा जुनाट विकार नोंदवला. यंत्राचा दाब आणि जास्त प्राणवायू यांनी कोवळ्या फुप्फुसाला इजा होते, पांढऱ्या पेशी जमतात आणि दाह टिकून राहतो. माणसाचे बहुतेक वायुकोश जन्मानंतर तयार होतात. मोठ्या पोकळीत नवे पडदे उभे राहून तिचे लहान कोश बनतात. दाह चालू असताना हे पडदे नीट उभे राहत नाहीत. कोश थोडे आणि मोठे राहतात, श्वसनाचा पृष्ठभाग कमी पडतो.

मग दाह थोपवला की झाले, असे वाटणे साहजिक होते. बाळांना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिले जाऊ लागले. पुष्कळ बाळे यंत्रावरून लवकर निघाली. पण हेच औषध उंदरांच्या पिल्लांत नवे वायुकोश तयार होणे रोखते, असे दिसले होते. शिवाय औषध मिळालेल्या बाळांत पुढे मेंदूच्या पक्षाघाताचे प्रमाण जास्त आढळले. २००२ साली अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याचा सरसकट वापर करू नये, असे सांगितले. उलट, न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली दाखवले होते की, याच जातीचे औषध प्रसूतीपूर्वी आईला दिले तर बाळाचे फुप्फुस लवकर परिपक्व होते. तो उपचार आजही बाळांचे प्राण वाचवतो. औषध एकाच जातीचे, पण वाढीची वेळ वेगळी. 'युद्ध चालू, युद्ध बंद' या भाषेत हे कसे समजावणार?

या भाषेचा आणखी एक दोष आहे. सैन्य जितके मोठे तितके चांगले, असा समज ती मनात रुजवते. 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणणाऱ्या जाहिरातींना मग आयतेच गिऱ्हाईक मिळते. दम्यात श्वासनलिका सुजते ती प्रतिकार कमी पडल्यामुळे नाही, हे अशा मुलाला कोण सांगणार?

सैनिक वर्गाबाहेर हाकला, असे आमचे म्हणणे नाही. जंतुसंसर्ग शिकवताना ते उपयोगी पडतात. पण त्याआधी एक तास मुक्या माराला द्यावा. कोणाच्या तरी गुडघ्यावर तो असतोच. डागाचा रंग आणि सूज यांची रोज नोंद ठेवायला सांगावे, आणि मग त्या मुलीचा प्रश्न विचारावा: येथे शत्रू कोण? उत्तर मुलांनाच शोधू द्यावे.