दख्खनी मेंढी आणि एक इंग्रजी ग्रंथ

शास्त्रज्ञांची चरित्रे मराठीत पुष्कळ झाली. पण त्यांपैकी बहुतेकांत बालपणीचे दारिद्र्य, परदेशगमन आणि मानसन्मान हेच विस्ताराने येते, व ज्या कामासाठी चरित्र लिहावयाचे ते एका परिच्छेदात आटोपते. ही उणीव तीव्रतेने जाणवावी असा एक इंग्रजी ग्रंथ २००९ साली ऑस्ट्रेलियन सरकारच्या कृषिसंशोधन संस्थेने काढला. मेंढीपैदाशीत ‘फेकबी’ जनुकाचा उपयोग, या विषयावर नोव्हेंबर २००८ मध्ये पुण्यास भरलेल्या परिषदेतील निबंधांचा हा संग्रह. त्याच्या चार संपादकांपैकी एक फलटणच्या डॉ. चंदा निंबकर आहेत. त्यांच्या आयुष्यातील संशोधनाचा फार मोठा भाग या पानांत पसरलेला आहे. मात्र तो वाचकास स्वतः वेचून काढावा लागतो.

वेचल्यावर जे हाती येते ते कादंबरीहून कमी रंजक नाही. दख्खनी मेंढी एका वेतास बहुधा एकच कोकरू देते. सुंदरबनातील गरोळ मेंढी अंगाने अगदी लहानखुरी, पण जुळी-तिळी देणारी. १७९२-९३ साली कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियात गेलेल्या मेंढ्यांकडून तेथील ‘बूरूला’ मेरिनो कळपात हा गुण उतरला असावा, असा पूर्वीपासून तर्क होता. २००१ साली तीन संशोधक-गटांनी त्याचे मूळ उकलले. सहाव्या गुणसूत्रावरील एका जनुकात एकच अक्षर बदललेले. त्यामुळे प्रथिनात ग्लुटामीनच्या जागी आर्जिनीन येते, एवढाच फरक! पुढच्याच वर्षी तोच बदल गरोळमध्ये आढळला, आणि तो जुना तर्क एका थेंबभर रक्ताने खरा ठरला.

बनविहारी निंबकरांनी १९६८ साली स्थापिलेल्या फलटणच्या संस्थेत गरोळ नराचा दख्खनी मेंढीशी संकर त्याआधीच सुरू झाला होता. अडचण अशी, की गरोळचे रक्त आले की शरीर लहान होते. म्हणून संकरित संततीचा पुन्हा पुन्हा दख्खनी व बन्नूर मेंढ्यांशी मेळ घालून अंगाची भर परत मिळवावयाची, आणि तो एक जनुक मात्र हातचा जाऊ द्यावयाचा नाही. नराला कोकरे होत नाहीत. त्याच्या ठायी हा गुण आहे किंवा नाही, हे पूर्वी त्याच्या मुली व्याल्यावर कळे. रक्तपरीक्षेने ती वाट पाहणे संपले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे या कामी साहाय्य झाले. (डॉ. निंबकर इरावतीबाई कर्व्यांच्या नात. आजीने माणसांची नातीगोती तपासली, नातीने मेंढ्यांची. हा योगायोग कोणा चरित्रकाराने वाया घालवू नये.)

ग्रंथाचा खरा गुण मला वाटतो तो हा, की तो जन्मलेली कोकरे मोजून थांबत नाही. मेंढपाळांच्या कळपांत त्यांतली किती जगली, हेही मोजतो. प्रयोगक्षेत्रावर जुळे होणे ही मिळकत. वाड्याबरोबर चालणाऱ्या मेंढीस ते ओझेही होऊ शकते. हा प्रश्न फलटणपुरता नाही. नगर जिल्ह्याच्या पारनेर, कर्जत, जामखेड या अवर्षणी तालुक्यांतही हीच मेंढी आहे. १७२५ साली जामखेडातील चोंडीस धनगर घराण्यात जन्मलेल्या अहिल्याबाईंचे नाव २०२४ मध्ये या जिल्ह्यास मिळाले. राहुरीचे कृषिविद्यापीठही १९६८ सालचेच, आणि तेथेही दख्खनी मेंढीच्या सुधारणेचे काम झाले. चाऱ्यासाठी कोसच्या कोस चालावयाचे असता दोन कोकरांपुरते दूध आईस कोठून यावे, अशक्त कोकरू कोणी खांद्यावर घ्यावयाचे, हे प्रश्न तेथील मेंढपाळाचे आहेत.

आणि नेमका तोच माणूस या ग्रंथात कोष्टकातील एक रकाना होऊन राहतो. त्याचे शब्द, त्याच्या घरातील बाईचे कोकरू जगविण्याचे कौशल्य, परक्या नराविषयीची त्याची शंका, यांतले काही ऐकू येत नाही. शास्त्रीय निबंधाची रीतच तशी, हे खरे; पण म्हणूनच हे काम मराठीत पुन्हा लिहिले जावयास हवे, व ते डॉ. निंबकरांनी स्वतः लिहावे. ‘जनुक’ हा शब्द धनगरास परका असेल. कोणत्या मेंढीच्या पोटची कोकरे जुळी देतात, हे मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या पाहत आला आहे. त्या पाहण्यापासून लेखनास प्रारंभ केला तर पहिले पान अडणार नाही.