‘फॅदम’ : कव, वाव आणि थांग

प्रस्तावना

इंग्रजी भाषेच्या शब्दसंग्रहात समुद्रजीवनातून आलेल्या शब्दांचा वाटा मोठा आहे. त्यांपैकी ‘फॅदम’ हा शब्द महाविद्यालयीन वर्गात बहुधा दोन तुटक अर्थांनी शिकविला जातो. नाम म्हणून तो पाण्याची खोली मोजण्याचे सहा फुटांचे माप असतो. क्रियापद म्हणून ‘समजणे’ किंवा ‘आकलन होणे’. या दोन अर्थांचा परस्परसंबंध काय, याकडे मात्र दुर्लक्ष होते. ‘फॅदम’ म्हणजे केवळ समजणे नव्हे, तर मर्यादित साधनाने मोजत मोजत तळापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न करणे होय, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. हा आशय लक्षात घेतला नाही, तर इंग्रजी साहित्यातील काही महत्त्वाच्या स्थळांचे वाचन अपुरे राहते. ही स्थळे आणि मराठीतील पर्यायी शब्द यांच्या आधारे या प्रतिपादनाची तपासणी येथे केली आहे.

१. मिठीपासून मापापर्यंत

जुन्या इंग्रजीत या शब्दाचे पूर्वरूप ‘पसरलेले बाहू’, ‘मिठी’, ‘कुशी’ या अर्थांनी आढळते. ‘बेओवुल्फ’ या महाकाव्यात ते ईश्वराच्या आश्रयासाठी येते आणि आगीच्या विळख्यासाठीही येते. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी समुद्र नाही, मानवी शरीर आहे. दोन्ही हात पसरले असता एका हाताच्या बोटांच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंत जेवढे अंतर भरते, तेवढे हे माप. पुढे ते सहा फूट, म्हणजे सुमारे १.८३ मीटर, असे निश्चित झाले. भगिनीभाषांतही या नात्याच्या खुणा आहेत. स्वीडिश भाषेतील ‘फाम्न’ या शब्दाला मिठी आणि माप असे दोन्ही अर्थ आहेत, तर जर्मन ‘फाडेन’ हा शब्द धागा आणि नाविकांचे माप या दोहोंसाठी वापरला गेला.

शरीराचे माप समुद्रावर गेले ते दोराच्या निमित्ताने. शिशाचे वजन बांधलेला दोर पाण्यात सोडावयाचा, तो तळाला टेकला की किती दोर भिजला ते पाहावयाचे, अशी ही रीत. दोरावर ठरावीक अंतरांवर कातड्याच्या व कापडाच्या खुणा बांधलेल्या असत, त्यामुळे अंधारातही त्या स्पर्शाने ओळखता येत. शिशाच्या बुडाशी असलेल्या खळग्यात चरबी भरत, तिला चिकटून वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचे तुकडे वर येत आणि तळ कसा आहे हेही कळे. मिसिसिपी नदीवरील आगबोटींच्या जगात दोन फॅदम पाण्यासाठी जी हाळी दिली जाई, तीच सॅम्युएल क्लेमेन्स या लेखकाने १८६३ पासून ‘मार्क ट्वेन’ या टोपणनावाच्या रूपाने साहित्यात नेली.

या रीतीची दोन वैशिष्ट्ये पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहेत. एक, मिळालेले ज्ञान त्या एका बिंदूपुरते असते. दोन, दोर संपला आणि तळ लागला नाही, तर दोर अपुरा पडला एवढेच सिद्ध होते. तळ नाही असे सिद्ध होत नाही.

२. शेक्सपिअरची खोली

सतराव्या शतकाच्या प्रारंभापासून या क्रियापदाला ‘मनाचा किंवा गोष्टीचा तळ गाठणे’ हा लाक्षणिक अर्थ रूढ होत गेला. याच काळाच्या आसपास शेक्सपिअरच्या नाटकांत हा शब्द विविध छटांनी येतो. ‘अ‍ॅज यू लाइक इट’ या नाटकाच्या चौथ्या अंकात रोझलिंड आपले प्रेम किती फॅदम खोल आहे हे सांगू पाहते आणि पोर्तुगालच्या उपसागराप्रमाणे त्याचा तळ अज्ञात असल्याचे सांगून थांबते. त्यावर सिलिया तिची थट्टा करते: तळ अज्ञात कसला, तळच नाही, म्हणून ओतलेले सारे प्रेम वाहून जाते. वरवर विनोदी वाटणाऱ्या या संवादात न मोजलेले आणि मोजण्यास तळच नसलेले यांतील नेमका भेद शेक्सपिअरने मांडला आहे. नाविकांची रीत ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला तो तत्काळ उमगला असणार. ‘फॅदम’चा अर्थ केवळ ‘समजणे’ असा घेतल्यास या विनोदाचा कणाच मोडतो.

‘ऑथेल्लो’च्या पहिल्या प्रवेशात इयागो हाच शब्द वेगळ्या अर्थाने वापरतो. ऑथेल्लोच्या तोडीचा दुसरा सेनानी राज्यापाशी नाही, हे त्या द्वेष्ट्यालाही मान्य करावे लागते. येथे ‘फॅदम’ म्हणजे माणसाची कुवत, त्याच्या बाहूंच्या टप्प्यात येणारे सारे.

‘द टेम्पेस्ट’मध्ये या शब्दाचा सर्वांत सूचक वापर आढळतो. एरियलच्या गीतात फर्डिनंडला सांगितले जाते की त्याचा पिता पाण्याखाली पूर्ण पाच फॅदम खोलीवर आहे. वस्तुतः राजा अलोन्सो जिवंत असतो. असत्याला नेमका आकडा मिळाला की ते विश्वसनीय ठरते, हे येथे दिसते. नाटकात पुढे जेव्हा खरी भावना व्यक्त होते, तेव्हा आकडा नाहीसा होतो. पुत्रशोकाने व्याकूळ झालेला अलोन्सो कोणताही ओळंबा पोहोचला नसेल इतक्या खोलीवर मुलाचा शोध घेण्याची भाषा करतो आणि अखेरच्या अंकात प्रॉस्पेरो आपला ग्रंथ तशाच खोलीत बुडविण्याचा निश्चय सांगतो. मोजलेली खोली खोटी आणि न मोजलेली खरी, असा हा उलटा न्याय आहे.

कोलरिजनेही आकड्याच्या या सामर्थ्याचा उपयोग केला आहे. १७९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द राइम ऑफ द एन्शंट मरिनर’मध्ये जहाजाचा पाठलाग करणारे भूत खलाशांच्या स्वप्नात येते आणि ते नऊ फॅदम खोलीवरून येत असल्याचे सांगितले जाते. कोणी न पाहिलेल्या अस्तित्वाला केवळ एका मापामुळे ठोसपणा येतो.

३. मराठी पर्यायांचा विचार

या शब्दाला मराठीत एकच प्रतिशब्द नाही, परंतु त्याच्या प्रत्येक अर्थाला मराठीत स्वतंत्र शब्द आहे. मिठीसाठी ‘कव’, मापासाठी ‘वाव’, कुवतीसाठी ‘आवाका’ आणि खोलीच्या शोधासाठी ‘थांग’ किंवा ‘ठाव’. पसरलेल्या हातांचे चार हात लांबीचे ‘वाव’ हे माप कोकण किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या परिचयाचे आहे. इंग्रजीने एका शब्दात साठविलेला प्रवास मराठीने चार शब्दांत वाटून घेतला. त्यामुळे अनुवादकाला प्रत्येक स्थळी निवड करावी लागते. इयागोच्या तोंडी ‘आवाका’ शोभेल. एरियलच्या गीतात ‘वाव’ आवश्यक आहे. ‘खोल सागरतळी’ असा सैल अनुवाद केल्यास आकड्याने साधलेली फसवणूकच नाहीशी होते.

‘अथांग’ हा शब्द मात्र जपून वापरावा लागतो. थांग न लागलेला आणि थांग लागणे अशक्य असलेला, हे दोन्ही अर्थ त्यात एकत्र आले आहेत. रोझलिंड आणि सिलिया या दोघींच्या तोंडी ‘अथांग’ हा एकच शब्द घातला, तर त्यांच्यातील वाद शिल्लक राहत नाही. रोझलिंडसाठी ‘ठाव न लागलेले’ आणि सिलियासाठी ‘बुडच नसलेले’ अशी योजना अधिक सयुक्तिक ठरेल.

हा भेद केवळ साहित्यापुरता मर्यादित नाही. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये यांत्रिक ट्रॉलर नौकांना किनाऱ्यालगतचे जे क्षेत्र निषिद्ध ठरविण्यात आले, त्याची सीमा काही भागांत ५ तर काही भागांत १० फॅदम खोलीने सांगितली गेली. पारंपरिक मच्छीमाराच्या दृष्टीने येथे एका शब्दाच्या नेमकेपणावर उपजीविका अवलंबून आहे.

समारोप

प्रतिध्वनीवर चालणारी खोलीमापक यंत्रे विसाव्या शतकात आली आणि शिशाचा दोर मागे पडला. ब्रिटिश नौकानयन नकाशांनीही १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून क्रमाने मीटरचा स्वीकार केला. माप म्हणून ‘फॅदम’चा वापर घटला, सामान्य इंग्रजीत तो आता मुख्यतः नकारार्थी रचनेत, म्हणजे ‘आकलन होऊ शकत नाही’ असे सांगण्यासाठी उरला आहे. मोजण्याचे कष्ट सुचविणारा शब्द न मोजण्याचे निमित्त ठरावा, ही या अर्थांतराची खेदजनक बाजू आहे. मराठी समीक्षेतही एखाद्या कवीची प्रतिभा ‘अथांग’ म्हटली की विवेचन तेथेच थांबण्याची प्रवृत्ती दिसते. तळ लागला नाही असे म्हणताना दोर किती सोडला होता, हे समीक्षकाने सांगावयास हवे. वर्गातही ‘फॅदम’चा अर्थ सांगताना प्रथम हात पसरून दाखवावेत, मग दोराची रीत समजावून सांगावी आणि त्यानंतर ‘आकलन’ या अर्थाकडे वळावे. तसे केल्यास विद्यार्थ्याच्या हाती केवळ एक प्रतिशब्द न पडता साहित्यकृती वाचण्याची एक पद्धतही पडेल.