कड्यावरचीं दोन घरें

आमच्या चंदगडचें नांव परगांवीं सांगितलें, कीं ऐकणारा बहुधा तें चंदीगड असेंच समजतो. मग कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा, घाटमाथ्यावरचा हा तालुका त्याला समजावून सांगावा लागतो. नांवांच्या या घोटाळ्यामुळेंच म्हणा, चंदीगड नगराचा आराखडा करणाऱ्या ल कॉर्ब्यूझिए या वास्तुशिल्पकाराकडे आमचें लक्ष अंमळ अधिक वेळां जातें. ज्या १९५१ सालीं पंजाबच्या नव्या राजधानीचें काम त्यानें हातीं घेतलें, त्याच सालच्या अखेरीस त्यानें एका झोपडीचाहि आराखडा काढला. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, रोकब्र्यून-काप-मार्तें येथील खडकाळ उतारावर, १९५२ सालीं ती उभी राहिली. २०१६ सालीं चंदीगडचें राजधानी-संकुल आणि ही झोपडी एकाच यादींतून जागतिक वारसा ठरलीं. एका टोकाला राजधानी, दुसऱ्या टोकाला खोली, आणि कर्ता एकच. हा योग मनोरंजक खरा.

झोपडी म्हणजे एकच खोली आहे. लांबी ३.६६ मीटर, रुंदीहि तितकीच, आणि उंची २.२६ मीटर, म्हणजे सहा फुटी पुरुषानें हात वर केला असतां बोटें टेकतील इतकी. बाहेरून ओंडक्यांच्या सालीसकट फळ्या, आंतून प्लायवुड. बिछाना, मेज, कपाटें, हात धुण्याचें भांडें, पडद्याआडचा शौचकूप, सारें भिंतींच्या कडेनें असें बसविलें आहे कीं मध्यें वावरायला मोकळीक राहते. खिडक्या लहान, मोजून मापून ठेवलेल्या. समोर एवढा समुद्र पसरला असतांना भिंत पाडून सगळाच आंत घ्यावा हा मोह त्याला झाला नाहीं, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. अथांग वस्तु चौकटींतूनच नीट पाहतां येते.

या खोलीचें चित्र आम्हीं एकदां घरांतल्या एका वृद्ध आत्याबाईंना दाखविलें. त्यांनीं चष्मा सारखा करून बराच वेळ पाहिलें आणि विचारलें, "आणि चूल कुठं?" चूल नाहीं, शेजारीं एक खानावळ आहे, तिच्याकडे झोपडींतूनच एक दार निघतें, जेवण तेथें, असें आम्हीं सांगितलें. आत्याबाई म्हणाल्या, "मग हें घर न्हवं, निजायची खोली."

शेंकडों पानांच्या प्रशंसेंत आम्हांला न सांपडलेली टीका ती हीच. झोपडीचा आटोपशीरपणा अस्सल आहे, पण तो उसना आहे. संसाराचा जो भाग सर्वांत अधिक जागा, धूर, पाणी आणि श्रम मागतो, तो भिंतीपलीकडे शेजाऱ्याच्या पदरीं घातल्यावर उरलेलें लहान करणें त्या मानानें सोपें.

याच उतारावर, झोपडीच्या खालच्या अंगाला, तिच्याआधीं सुमारें पाव शतक बांधलेलें दुसरें एक घर आहे. आयर्लंडांत जन्मलेल्या आयलीन ग्रे या बाईंनीं १९२६ ते १९२९ या काळांत तें उभारलें. लाखकाम आणि लांकडी सामान यांत हात बसलेल्या या बाईंची ही पहिलीच इमारत. घराचें नांव ई-१०२७; तिच्या व तिचा मित्र झाँ बादोव्हिची याच्या नांवांच्या आद्याक्षरांचे हे आंकडे. येथें मुख्य दालन एकच, मोकळें, समुद्राकडे तोंड करून आहे. पण दारांतून पाऊल टाकतांच तें सगळें डोळ्यांत भरत नाहीं; एक आडोसा मध्यें येतो. निजण्याचा कोपरा दालनांतच, तरी दृष्टीआड. मोकळें घर म्हणजे भिंती नसलेलें घर नव्हे. भिंतीचें काम जेथें आडोशानें, पडद्यानें किंवा कपाटानें भागतें तें, असा अर्थ या बाईंनीं प्रत्यक्ष बांधून दाखविला.

आणि स्वयंपाकघर! त्या भागांतल्या शेतकरी बायका उन्हाळ्यांत बाहेर रांधतात व हिवाळ्यांत आंत, हें ग्रेबाईंनीं पाहिलें. म्हणून मिटणाऱ्या काचेच्या पडद्याचें असें स्वयंपाकघर त्यांनीं केलें, कीं पडदा सारला कीं तें अंगणाचाच भाग व्हावें. अर्थात् त्याहि निर्दोष नव्हत्या. मोलकरणीला तळघराच्या बाजूस दिलेली खोली माणूस राहूं शकेल इतकी लहांत लहान आहे, आणि तिच्या लहानपणाचें कौतुक करवून घेण्यास आम्ही तयार नाहीं. आटोपशीरपणाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न येथेंहि सुटत नाहीं. याच घराच्या भिंतींवर पुढें कॉर्ब्यूझिएनें ग्रेबाईंस न विचारतां चित्रें रंगविलीं. दुसऱ्याच्या कोऱ्या भिंतीला ज्यानें मोकळी जागा मानलें, त्यानेंच आपल्या झोपडींतून चूल वगळावी, यांत आम्हांला विसंगति दिसत नाहीं. १९६५ च्या ऑगस्टांत त्याच किनाऱ्यावर पोहतांना त्याचा अंत झाला.

हें सारें दूरचें वाटेल. परंतु आज तिलारीच्या घाटाखालीं आणि पुढें समुद्रापर्यंत जीं सुटीचीं घरें उठत आहेत, त्यांत या किनाऱ्याची नक्कल पुष्कळ आहे: सपाट छप्पर, आरपार कांच, एकच मोठें दालन. भूमध्यसागराचा उन्हाळा कोरडा असतो. आमच्याकडे जून लागला कीं पाऊस आडवा येतो. वळचण हातभर कमी पडली तरी झड थेट माजघरांत. रायगड जिल्ह्यांतील नांदगांव येथें स्टुडिओ मुंबईनें २००७ सालीं पुरें केलेलें 'पाल्मायरा' घर या बाबतींत अधिक शहाणें आहे. तें लहान नव्हे, आणि आमच्या विषयाच्या मापाबाहेरचें आहे. पण कांचेच्या जागीं ताडाच्या लांकडाच्या पट्ट्या लावून वारा आंत घ्यावा आणि ऊन गाळावें, ही त्याची युक्ति याच मातींतली.

चंदगडच्या जुन्या घरांतहि मोकळेपणा होता, पण तो वरच्या अंगाला. सोपा, माजघर, चुलीची खोली यांमधल्या भिंती कित्येकदां तुळईपर्यंतच जात. वर कौलांखालीं सारें एक. धूर वरून फिरे, वाशांना कीड लागूं देत नसे, माळ्यावरचें सरपण वाळवी. त्याबरोबर रांधणारीचे डोळेहि भाजून काढी, हेंहि लिहिलें पाहिजे; जुन्या घराचे गोडवे गाणाऱ्यांपैकीं चुलीपुढें बसलेले थोडेच. आतां गॅस आला, धूर गेला, आणि नव्या आराखड्यांत दालन व स्वयंपाकघर यांमधली भिंतहि जात आहे. रांधणारी दालनांत आली कीं तिचें काम तेवढें पाहुण्यांसमोर आलें, हें आराखड्यावरून कळत नाहीं. आत्याबाईंना असा एक नवा आराखडा दाखविला, तेव्हां त्यांनीं ओट्यावर बोट ठेवून विचारलें, "इथं उभी राहिली तर तिला बाहेरचं दिसतं का भिंत?"

आम्हीं कागद फिरवून पाहिला. भिंत होती.