कमी उजेडातले कॅमेरे : कसोटी लग्नमंडपातली

कमी उजेडातल्या छायाचित्रणाने गेल्या दीड-दोन दशकांत जी मजल मारली, ती डिजिटल कॅमेऱ्याच्या दुसऱ्या कोणत्या अंगाने क्वचितच मारली असेल. निकॉनचा डी३ २००७ साली आला तेव्हा त्याचा आयएसओ ताणून २५,६०० पर्यंत नेता येई. डी३एसने २००९ मध्ये तो १,०२,४०० वर नेला आणि सोनीच्या ए७एसने २०१४ मध्ये ४,०९,६००. मात्र आयएसओ किती चढवता येतो हे या आकड्यांवरून कळते, चढवल्यावर चित्र कसे येते हे कळत नाही. जाहिरातीतली तुलना नेमकी इथे फसवी ठरते.

चित्रात दिसणारे रवे, म्हणजे नॉइज, मुळात प्रकाशाच्या तुटवड्यातून येतात. एका पिक्सेलवर सरासरी १०० प्रकाशकण पडले तर त्यांत सुमारे १० चा चढउतार असतो, म्हणजे १० टक्के. १०,००० पडले तर चढउतार १०० चा, अवघा १ टक्का. त्यामुळे सेन्सरचे क्षेत्रफळ निर्णायक ठरते. फुल-फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६ चा. छिद्रांक आणि शटर तेच ठेवले तर मोठ्या सेन्सरला सव्वादोन पटींहून जास्त प्रकाश मिळतो.

पिक्सेल कमी आणि मोठे असले की अंधारात कॅमेरा सरस, हा समज अजून पक्का आहे. मोजमाप त्याला दुजोरा देत नाही. डीएक्सओमार्कच्या कमी उजेडाच्या चाचणीत १२ मेगापिक्सेलच्या ए७एसला ३७०२ गुण आहेत, तर २०१८ च्या २४ मेगापिक्सेलच्या ए७ III ला ३७३०. चार वर्षांत सेन्सरची घडण सुधारली हे खरे; पण दुप्पट पिक्सेल असूनही तोटा झाला नाही, कारण ही चाचणी दोन्ही चित्रे एकाच आकाराची धरून तोलते. संगणकावर शंभर टक्के मोठे करून रवे मोजणारा माणूस दोन वेगवेगळ्या आकारांच्या प्रिंट ताडून पाहत असतो.

धामणगाव रेल्वेसारख्या गावात हा प्रश्न लग्नसराईत उभा राहतो. वऱ्हाडातला उन्हाळा दुपारी बाहेर पडू देत नाही, म्हणून गोरज मुहूर्त, रात्रीचे रिसेप्शन आणि वरात हेच कामाचे मोठे तास. मंगलाष्टके संपतात आणि अक्षता पडतात तो क्षण घ्या. सेकंदाला तीन मीटर वेगाने येणारा तांदळाचा दाणा १/६० च्या शटरला पाच सेंटिमीटरची रेघ होतो, १/२५० ला सव्वा सेंटिमीटरची. ही रेघ आखडायची तर प्रकाश चौपट लागतो. बॉडीतले स्टॅबिलायझेशन छायाचित्रकाराच्या हाताचा थरथराट सावरते, अक्षतांचा वेग नाही.

स्टेजवरचे निळे-जांभळे एलईडी हे त्याहून मोठे दुखणे. बहुतेक सेन्सरवर निम्मे पिक्सेल हिरव्यासाठी, पाव लाल आणि पाव निळ्यासाठी राखलेले असतात. निव्वळ निळ्या उजेडात उरलेले तीन चतुर्थांश पिक्सेल जवळजवळ उपाशी राहतात. नवरीच्या चेहऱ्यावर रवे येतात आणि शालूची जर सपाट दिसते. त्यातच मागची झगमगती भिंत मीटरला चकवते. सावळा चेहरा आणखी काळवंडतो आणि नंतर उजळताना सगळा नॉइज वर येतो. तुलनेच्या चाचण्या बहुधा समतोल पांढऱ्या उजेडात होतात, त्यामुळे आपल्याकडच्या कामाला त्या अपुऱ्याच पडतात. आणखी एक : वीज ५० हर्ट्‌झची असल्याने स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरने काढले की चित्रावर आडवे पट्टे उमटतात. तिथे मेकॅनिकल शटर आणि १/१०० किंवा १/५० हाच उपाय, मग अक्षतांची रेघ सोसावी लागते.

मोबाइलचा नाइट मोड अनेक फ्रेम एकावर एक रचून नॉइज घटवतो. गूगलने २०१८ मध्ये तो पिक्सेल फोनवर आणला. स्थिर देवळासाठी तो उत्तम, नाचत्या वरातीत निकामी. लाइटरूममध्ये २०२३ साली आलेले डीनॉइज रॉ फाइलवर थक्क करणारे काम करते. पण प्रमाण वाढवले की त्वचा मेणासारखी होते आणि कापडाची वीण पुसली जाते.

या सगळ्यात लेन्सकडे सर्वांत कमी लक्ष जाते. किट लेन्स झूमच्या टोकाला एफ ५.६ वर अडते. एफ १.८ ची लेन्स तिच्या साडेनऊ पट प्रकाश आत घेते. एवढा फरक सेन्सरच्या दोन पिढ्यांतही मिळत नाही. स्पष्टतेचा पट्टा मात्र उथळ होतो, म्हणून अख्ख्या कुटुंबाच्या फोटोला फ्लॅश लागतोच. फ्लॅशची ही मर्यादित गरज धरूनही, लग्नाचे काम करणाऱ्या लहान स्टुडिओने पाच-सहा वर्षांपूर्वीची वापरलेली फुल-फ्रेम बॉडी आणि एफ १.८ च्या ५० व ८५ मिलिमीटरच्या लेन्स घ्याव्यात. किट लेन्ससह येणाऱ्या कोणत्याही नव्या एपीएस-सी कॅमेऱ्यापेक्षा ही जोडी मंडपात सरस ठरते.